संध्याकाळपर्यंत राहणारं गंध

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही. 'जुनी' हा शब्द हल्ली लोक आवाज खाली आणून उच्चारतात, जणू एखाद्याचं दुखणं सांगताहेत. मी तो मोठ्यानं सांगते. काम करता करता जुनं झालेल्यानं लाजायचं कशाला?

तुमच्यापैकी काहींनी सहाण पाहिली नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगते. मी काळ्या दगडाची, गोल, जेवणाच्या ताटाएवढी. खाली तीन बुटके पाय, कडेनं एक उथळ पन्हळ आणि पुढं छोटीशी चोच. माझ्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे, चंदनाचं खोड धरून गोल गोल फिरवायचं, की सायीसारखं मऊ गंध उतरतं. ते बोटानं पन्हळीत ओढायचं आणि चोचीतून वाटीत घ्यायचं. काम एवढंच, पण ते माझ्याशिवाय होत नाही.

मी कुंभकोणमला राहते. कावेरीच्या या मुलखात कुठंही खणा, मातीच लागते. दगड इथला नाही. देवळांचे खांबसुद्धा लांबून गाड्यांवर लादून आणलेले. मीही तशीच आले. एक पाथरवट मोठ्या शिळेतून कुणाच्या तरी घराची पायरी घडवत होता. तिचा कोपरा निघाला, तो मी. त्यानं मला बाजूला भिरकावलं आणि जेवायला बसला. जेवणानंतर पायरीला हात घालायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्यानं मला उचललं आणि सहज टाकी चालवायला सुरुवात केली. माझा जन्म हा असा, एका माणसाच्या कंटाळ्यातून.

ज्या घरात मी आले, त्या घरातली माणसं पाहुण्यांना सांगतात, "ही तंजावरच्या दरबारातली सहाण. राजाच्या कपाळाला हिचं गंध लागायचं." मित्रांनो, हे खरं नाही. मी दरबार पाहिला नाही आणि राजाही पाहिला नाही. माझा मोठेपणा उसना आणायची गरज नाही.

हे घर मराठी बोलणाऱ्यांचं आहे. मराठ्यांचं राज्य इकडे आलं, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्यांचे हे वंशज. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. त्यांची मराठीही माझ्यासारखीच जुनी. एकदा पुण्याहून आलेला एक पाहुणा ती ऐकून हसला आणि म्हणाला, "पोथीतली माणसं बोलताहेत असं वाटतं हो!"

त्यावर गंगाबाई शांतपणे म्हणाल्या, "मग कॉफी प्या. पोथीतल्या माणसांच्या हातची कोठें मिळणार तुम्हांस?"

या गंगाबाईंची ओळख तुम्हाला करून दिलीच पाहिजे. त्या घरात सगळ्यांत मोठ्या. पूर्वी टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या माझ्यापुढं बसायच्या आणि देवापुरतं गंध उगाळायच्या. त्यांचा धाकटा भाऊ रविशंकर दातांचा डॉक्टर आहे, आणि त्याची मुलगी हरिणी नववीत शिकते. हरिणीची आई मदुराईला नोकरी करते आणि शनिवार-रविवारी घरी येते.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत एक लहान भजनमंदिर आहे. मार्गळी महिन्याच्या थंडीत तिथं विठ्ठल-रुक्मिणीचं कल्याण होतं, म्हणजे त्यांचं लग्न लावतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भजन चालतं. गोविंदपुरम् आणि मरुदानल्लूरहून भजनी लोक पहिल्या बसनं येतात. आलेल्या प्रत्येकाला सकाळी गंध आणि अत्तर लावायचं, हा मान आमच्या घराचा. पण त्या मानाला एक अट आहे. संध्याकाळी मंगल आरतीच्या आधी भजन थांबतं. सगळ्यांत वयस्कर भागवतर, म्हणजे भजनाचे बुवा जानकीराम मामा, सभेला विचारतात, "राहिलं?" मग जो तो आपला हात नाकाशी नेतो. सकाळचा वास अजून असला, तर सगळे म्हणतात, "राहिलं." मगच आरती पेटते. लग्नघरातून पाहुणा सुगंधाशिवाय परतू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

गंगाबाईंनी ऐन तरुणपणापासून हा मान सांभाळला. त्यांनी लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत, आणि कशाबद्दल कधी हट्ट धरला नाही. या एका दिवसाचा मात्र धरला. "राहिलं" हा शब्द ऐकला, की त्यांची पाठ ताठ व्हायची. मला ते दिसायचं, कारण गंध ताजं हवं म्हणून मलाही मंदिरात नेत. माझं आणि त्यांचं त्या दिवशी एकच काम असे.

मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. रविशंकर म्हणाला, "आक्का, सहाण बंद. मी सांगतों म्हणून नव्हे, खांदा सांगतो म्हणून."

"देवाला काय लावूं?"

"तयार चंदनाची पावडर मिळते. पाण्यात कालवा."

"ती भिंतीला लावायची असते," गंगाबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांचा हात खरोखरच दुखत होता, आणि भावाशी त्या फार वेळ भांडल्या नाहीत.

मला मागच्या अंगणात नळाजवळ ठेवलं. आठवड्याभरात माझ्यावर कोरफडीची कुंडी आली. मित्रांनो, इथं तुम्हाला वाटेल की मी आता रडगाणं गाईन. मुळीच नाही. कुंडीला आधार देणं वाईट काम नाही. पण ते काम कुठलाही दगड करू शकतो, आणि मी कुठलाही दगड नाही. हे मी त्या कुंडीखाली बसून रोज स्वतःला बजावत होते.

त्या वर्षी कल्याणाच्या दिवशी रविशंकर एकटाच मंदिरात गेला. त्यानं चेन्नईहून परदेशी सुगंधाच्या महागड्या बाटल्या मागवल्या होत्या. त्या इतक्या सुंदर होत्या, की त्यानं दोन आठवडे त्या दवाखान्याच्या खिडकीत मांडून ठेवल्या. सकाळचं ऊन त्यांच्यातून आरपार जायचं आणि टेबलावर निळे-जांभळे डाग पडायचे. सुगंधाला ऊन सोसत नाही हे त्याला माहीत नव्हतं. अत्तराची कुपी अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावी लागते. उन्हात तिचा जीव बाटलीतच अर्धा होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर तो थेट स्वयंपाकघरात गंगाबाईंपुढं येऊन बसला. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच आहे, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"आक्का, गेलं."

"काय गेलं?"

"वास. जानकीराम मामांनी विचारलं 'राहिलं?' आणि कोणी काही बोलेना. मग मागून कोणी तरी म्हणालं, 'माझ्या हाताला सांबाराचा वास येतो आहे.' सगळे हसले."

गंगाबाई हसल्या नाहीत. "जानकीराम काय म्हणाले?"

"म्हणाले, एक वर्ष चुकलं तर चुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा तुमचंच घर. पण पुन्हा गेलं, तर मान वैद्यनाथाकडे."

हा वैद्यनाथ आमच्याच गल्लीत, चार घरं पलीकडे राहतो. त्याचं रेशमी साड्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण त्याच्या जिभेला विश्रांती नसते. त्याला हा मान कधीपासून हवा होता, आणि तसं तो उघड बोलूनही दाखवायचा.

थोड्या वेळानं गंगाबाई अंगणात आल्या. त्यांनी डाव्या हातानं कोरफडीची कुंडी ढकलली आणि माझ्याशेजारी नळाच्या कट्ट्यावर बसल्या. माझ्या पन्हळीत साचलेला चिखल त्या नखानं काढत राहिल्या. मागून हरिणी आली.

"आत्या, पुढच्या वर्षी मी उगाळीन."

"तूं? शिकेकाई चाळायला सांगितली, तर अर्धी चाळून मोबाइल बघत बसतेस."

"मोबाइल आप्पांकडे देईन," हरिणी म्हणाली. आप्पा म्हणजे तिचे वडील.

"रोज बसावं लागेल. एका दिवसांत हात बसत नाही."

"सरि, रोज बसेन."

"बघूं," गंगाबाई म्हणाल्या. या घरात 'सरि' म्हणजे बरं, आणि 'बघूं' म्हणजे होकार असतो.

दुसऱ्याच दिवशी हरिणीनं एक घोटाळा केला. मी अंगणात वर्षभर पडलेली, म्हणून तिनं भांडी घासायची हिरवी वडी घेतली आणि मला फेस येईपर्यंत घासून काढलं. मी लख्ख झाले. पोरीला केवढा आनंद झाला. तिनं त्यावर पहिलं गंध उगाळलं आणि वाटी घेऊन आत्याकडे धावली.

गंगाबाईंनी वास घेतला आणि विचारलं, "हें देवाला लावायचं की पातेल्याला?"

गंधाला साबणाच्या लिंबाचा वास येत होता. मित्रांनो, दगड बंद असतो असं समजू नका. आम्हाला बारीक छिद्रं असतात. जे घासाल ते आम्ही पितो, आणि मनात आलं की परत देतो. मग गंगाबाईंनी मूठभर कच्चे तांदूळ भिजवून दिले. "हें वाट. टाकून दे. पुन्हा वाट. पांढऱ्या पाण्याला नुसता तांदळाचा वास येईपर्यंत." हरिणी शाळेतून आली की तांदूळ वाटायची. तिच्या तळव्याला फोड आला. रविशंकरनं तो बघितला आणि काही बोलणार होता, पण पोरीचा चेहरा बघून त्यानं नुसती मलमाची ट्यूब पुढं केली.

लिंबू निघून गेल्यावर खरा अभ्यास सुरू झाला. आधी वर्तुळं. हरिणीला घाई. ती खोड इतक्या जोरात फिरवायची, की गंधात रवा पडायचा. "हळू," गंगाबाई म्हणायच्या, "तूं काय दोसैचं पीठ वाटत्येस?" मग पाणी. जास्त झालं की गंध वाहतं, कमी झालं की खोड किंचाळतं. आणि मग सुगंधाची खरी विद्या, जी मी तुम्हालाही सांगणार आहे.

"मोगऱ्याचं अत्तर नुसतं लावलं तर कितीं वेळ राहील?" गंगाबाईंनी एक दिवस विचारलं.

"दिवसभर?"

"अकरा वाजायच्या आंत पळून जाईल. मोगरा हलका असतो गे. चंदन जड, वाळा जड. खालीं जड वास घालायचा, म्हणजे वरच्या हलक्याला बसायला जागा मिळते. आधी गंध लावायचं. त्यांत वाळ्याच्या अत्तराचा थेंब. तें सुकत आलं, की त्यावर मोगरा."

"आणि मग असं करायचं ना?" हरिणीनं दोन्ही मनगटं एकमेकांवर घासून दाखवली. तिनं जाहिरातीत तसं पाहिलं होतं.

"तसं केलंस तर मी तुला अंगणांत बसवीन, कोरफडीशेजारी. घासलं की हलका वास आधीच उडून जातो. लावायचं आणि सोडून द्यायचं."

रविशंकर दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "आक्का, मी एक बोलूं? तोंड कोरडं पडलं की दात किडतात, असं मी पेशंटला रोज सांगतों. कातडीही कोरडी असली की अत्तर पिऊन टाकत असेल. आधी तिळाच्या तेलाचा हलका हात फिरवला तर?"

गंगाबाईंनी आपल्या डाव्या हाताला तेलाचं बोट लावलं आणि उजव्याला लावलं नाही. दोन्हींवर गंध लावून त्या सकाळभर घरात फिरल्या. दुपारी त्या भावाला म्हणाल्या, "तेलाचा हात जिंकला. हें मला कोणी सांगितलं नव्हतं." रविशंकर दिवसभर खुशीत होता. त्या दिवशी आलेल्या एका पेशंटलाही त्यानं हे ऐकवलं म्हणे.

असं वर्ष सरलं. कल्याणाच्या दिवशी पहाटे हरिणीनं मला जुन्या धोतरात गुंडाळून पोटाशी धरलं आणि मंदिरात नेलं. रविशंकरनं गंगाबाईंना घरी राहायला सांगितलं होतं, कारण तिथं गेल्यावर त्या हातात खोड घेतल्याशिवाय राहणार नाहीत, हे तो ओळखून होता. गंगाबाई "सरि" म्हणाल्या, आणि आमच्या पाठोपाठ चालत आल्या.

मी देवासमोर बसले. हरिणी उगाळत होती. वर्तुळ मधेच वाकडं जात होतं, पण गंध चांगलं उतरत होतं. भजनी मंडळी येऊ लागली. कॉफीचे पेले फिरत होते, झांजांचे दोर बांधले जात होते. जानकीराम मामा सर्वांत पुढं आले आणि त्यांनी उजवं मनगट पुढं केलं. हरिणीनं तेलाचं बोट उचललं.

"थांब," गंगाबाई मागून म्हणाल्या. "तिथें नक्को. कोपरांत."

हरिणीनं वळून पाहिलं. वर्षभर शिकवताना ही गोष्ट आत्यानं सांगितलीच नव्हती. गंगाबाई स्वतःही क्षणभर गोंधळल्या. इतकी वर्षं त्यांचा हात आपोआप तिथंच जात होता, त्यामुळे तोंडानं सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

"कोपराच्या आंतल्या घडींत," त्या म्हणाल्या. "मी नेहमी तिथेंच लावत होतें."

वैद्यनाथ रांगेत दुसरा उभा होता. तो म्हणाला, "आक्का, मनगट ही मानाची जागा. पाहुण्यांना काय हात वाकडे करून उभे करणार? फोटोंत कसं दिसेल?"

"वैद्यनाथा, जेवायच्या आधी तूं हात धुतोस ना?"

"धुतों की."

"जेवल्यावर?"

"तेव्हांही धुतों."

"कोपर धुतोस?"

रांगेत हसू पसरलं. गंगाबाई पुढं म्हणाल्या, "उजवा हात तो उजवाच राहील. मान कोठें जात नाही. मी फक्त पाण्याच्या वर चढत्यें. झांजा वाजवतांना कोपर घडींत असतो, तिथें ऊब असते. ऊब असली की वास जागा राहतो."

जानकीराम मामांनी कपाळ चोळलं. "खरंच गे. तूं कोपरांतच लावायचीस. गेल्या वर्षी मीच मनगट पुढें केलं." आणि त्यांनी अंगवस्त्र सरकवून हात दुमडला.

वैद्यनाथ मात्र ऐकेना. "माझ्या मनगटावरच लाव गे. फोटोंत माझा हात वाकडा नको." हरिणीनं त्याच्या मनगटावर लावलं. पुढच्या प्रत्येकाला ती तेल, गंध, मोगरा लावत गेली आणि सांगत गेली, "मामा, घासूं नका." "मामी, घासूं नका." एक मामी म्हणाल्या, "काय गे हें, लग्नाला आलों की इस्पितळांत?"

सगळ्यांना लावून झाल्यावर गंगाबाईंनी हरिणीकडून मला धुवून घेतलं आणि मंदिराच्या परसात उन्हात पालथं ठेवलं. रीतच आहे ती. मंदिराच्या वासाला माझी मदत नको. जे राहायचं ते माणसांच्या अंगावर राहायला हवं. परसातून मला सभामंडपाचा दरवाजा दिसत होता, तेवढं पुरे होतं.

भजन रंगलं. जेवणाची पानं मांडली गेली, हात धुतले गेले, पुन्हा धुतले गेले. वैद्यनाथ जेवून दुकानात निघून गेला. लग्नसराईची गिऱ्हाइकं होती. गंगाबाईंनी पानावरचा भात नुसता चिवडला.

नेहमी दुपारनंतर भजनी मंडळी गल्लीतून फिरून येतात. या वर्षी गटाराच्या कामासाठी रस्ता खणलेला होता, म्हणून सगळे आतच बसले. ही गोष्ट तेव्हा कुणालाच महत्त्वाची वाटली नाही.

उतरत्या उन्हाला हरिणी परसात धावत आली. मागोमाग गंगाबाई आल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्या, गेलं. मला काहीच वास येत नाहीये. मी किती वेळा हुंगलं."

"किती वेळा?"

"सारखंच."

"म्हणूनच. नाकाला सवय होत्ये गे. सकाळपासून त्याच वासांत बसल्यावर नाक त्याला घरचा समजतं आणि सांगायचं सोडून देतं. वास असतो. नाकच थकलेलं असतं." एवढं बोलून गंगाबाई एकदम थांबल्या. आतल्या त्या भरलेल्या मंडपाकडे त्यांनी पाहिलं. तिथं सगळेच सकाळपासून त्याच वासात बसले होते, आणि बाहेरची मोकळी हवा आज कुणालाच मिळाली नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या ध्यानात आलं, गंध राहिलेलं असूनही आज मान जाऊ शकतो.

"मामांना सांगूया ना," हरिणी म्हणाली. "सगळ्यांना थोडा वेळ बाहेर पाठवूया."

"नक्को. परीक्षेच्या आधी मास्तरांना सबब सांगायची नाही."

मित्रांनो, माझं गंगाबाईंशी सगळं पटतं, पण हे पटलं नाही. खरं कारण ही सबब नसते. मला तोंड असतं, तर मी ओरडले असते.

दिवे लागले. भजन थांबलं. जानकीराम मामांनी विचारलं, "राहिलं?"

हात नाकांशी गेले. मामांनी आपला कोपर हुंगला, डोळे मिटून पुन्हा हुंगला. ते प्रामाणिक माणूस आहेत. म्हणाले, "गंगा, मला काही लागत नाही." दुसरा म्हणाला, "असावं थोडं." तिसऱ्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना. गंगाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी दुखरा हात दुसऱ्या हातात धरला होता. हरिणीनं तोंड उघडलं, पण आत्यानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर चपला वाजल्या. वैद्यनाथ दुकान बंद करून आरतीला आला होता. आत काय चाललं आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. दारातच थांबून तो म्हणाला, "हें काय? अजून गंध लावणं चाललं आहे? किती माणसं राहिली? पायरीपर्यंत घमघमाट सुटला आहे."

मग मागच्या रांगेत कुणी तरी फसकन हसलं, आणि हसणं पुढं पुढं येत गेलं.

"काय जाहलं?" वैद्यनाथ म्हणाला. "मी काय बोललों?"

जानकीराम मामांनी त्याला जवळ बोलावलं. "वैद्यनाथा, तूं बाहेरून आलास. तुझं नाक ताजं आहे. हें बघ," म्हणत त्यांनी कोपर पुढं केला.

आता वैद्यनाथला कळलं. मान त्याच्या दारात येऊन उभा होता आणि तो आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे त्याच्या एका शब्दावर होतं. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. त्यानं मामांचा कोपर हुंगला. शेजारच्या मृदंगवाल्याचा हुंगला. चिडून मागच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाचाही हुंगला. शेवटी आपलं मनगट नाकाशी नेलं.

"माझं गेलं," तो म्हणाला. "ह्यांचं राहिलं. चंदनही आहे आणि खालीं वाळाही आहे." मग गंगाबाईंकडे न बघता म्हणाला, "मला हें सांगायचं नव्हतं, आक्का. पण राहिलं."

"राहिलं," जानकीराम मामा म्हणाले. मग सगळा मंडप म्हणाला. परसात मला ते स्पष्ट ऐकू आलं. आरती पेटली. गंगाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच वैद्यनाथला विचारलं, "पुढच्या वर्षी मनगट की कोपर?"

"दोन्हीं," वैद्यनाथ म्हणाला.

घरी आल्यावर रविशंकर उत्साहात होता. म्हणाला, "आक्का, आतां हिला अंगणांत नको. दवाखान्यांत काचेचं कपाट करूं. खालून दिवा लावूं. पेशंट बघतील."

"आणि हरिणी कशावर उगाळील? तुझ्या टकलावर?"

काचेचं कपाट झालं नाही. मी आता स्वयंपाकघरात खिडकीखाली असते. हरिणी शाळेत जाण्याआधी माझ्यापुढं बसते. गंगाबाई शेजारी स्टुलावर कॉफी पीत बसतात आणि हातानं न होणारं सगळं काम तोंडानं करतात. "वाकडं जातंय." "पाणी." "हळू." माझ्या मधोमध एक खळगा पडला आहे आणि तो दरवर्षी खोल होतो. रविशंकर त्यावर बोट फिरवून हळहळतो. हळहळू दे त्याला. झिजणं म्हणजे संपणं, असं वाटणाऱ्यांशी वाद घालायला मला वेळ नाही. सकाळी माझ्यावर खोड फिरत असतं.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपण्याच्या नावाखाली पुष्कळ चांगल्या वस्तू कपाटात मेल्या आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, कुठं माळ्यावर, कुठं कुंडीखाली. त्याला खाली उतरवा, त्याचं काम कसं करायचं हे ज्याला अजून आठवतं त्याच्याजवळ बसा, आणि ते काम त्याच्याकडून करून घ्या. हात दुखतील, चुका होतील. होऊ द्या. आम्हाला फुलं वाहू नका. आम्हाला काम द्या.